चाळीस दिवसांची पाळत

१८ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या समुपदेशक केनी मॅडमनी ही वही आणायला लावली. "क्लाराताई, मनात येईल ते लिहा. कोणाला दाखवायचं नाही," म्हणाल्या. मनातलं लिहायची मला सवय नाही. पण ज्युलियसच्या जाण्यायेण्याच्या वेळा कुठेतरी टिपून ठेवायला हव्यातच, म्हणून घेतली.

आज राखेचा बुधवार. सकाळच्या मिस्सेला तिघंही गेलो. कपाळावर राख लावून घेताना ज्युलियसने डोळे मिटले, ते बराच वेळ उघडले नाहीत. बघणाऱ्याला वाटावं, केवढा भाविक माणूस. दहा वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली तेव्हा अख्ख्या नंदाखाल गावाने असंच कौतुक केलं होतं. चर्चमध्ये उभं करून टाळ्या वाजवल्या होत्या. दारू गेली आणि वर्षभरात दुसरं सुरू झालं, हे मला कळायला मागचा ऑगस्ट उजाडावा लागला. आधी फोनवरचे व्हिडिओ, मग अनोळखी बायकांशी तासन्‌तास बोलणं, मग हायवेवरची लॉजं. मी चर्चच्या कट्ट्यावर बायकांना सांगत होते, माझा नवरा सुधारला.

ऑगस्टपासून तो केनी मॅडमकडे जातो. दर पंधरा दिवसांनी मलाही बोलावतात. त्याने फोनचा पासवर्ड मला दिलाय. मॅडम म्हणाल्या होत्या, फोन आठवड्यातून एकदा बघा, दोघांनी बरोबर बसून. एकदा बघून काय कळणार? मी रोज बघते, तो आंघोळीला गेला की.

नाश्त्याला विषय निघाला, चाळीस दिवसांच्या उपवासकाळात कोण काय सोडणार. मी मासे-मटण सोडलं. ज्युलियस म्हणाला, "मी चहातली साखर." लेक स्टेफी म्हणाली, "माझी बोर्डाची परीक्षा आहे, मी झोप सोडलीये." तो हसला. मी नाही हसले. साखर! सोडण्यासारखं याच्याकडे एवढंच उरलंय?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

स्टेफीचा पहिला पेपर, मराठीचा. बरा गेला म्हणाली.

ज्युलियस कामणच्या गोदामातून पाचला सुटतो. स्कूटरने घरी सव्वासहा, फार तर साडेसहा. आज सात पन्नास. विचारलं तर म्हणाला, "माल उशिरा आला." नजर चपलांकडे.

शर्ट धुवायला टाकण्याआधी वास घेतला. सेंट नाही. काहीतरी कडवट, तेलकट, नाकात बसणारं. लहानपणी बाबा घरी आले की आई मला त्यांच्याजवळ पाठवायची, "जा, बाबांच्या कुशीत बस," आणि मी परत आले की नुसती बघायची माझ्याकडे. मी मान हलवायची: प्यायलेत, हो किंवा नाही. आठ वर्षांची होते. एकदाही चुकले नाही. पण हा वास मला ओळखता येत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

त्याच्या उजव्या तळहातावर दोन फोड आणि एक लांब ओरखडा. म्हणे खोका लागला. सुपरवायझर कधीपासून खोके उचलायला लागला?

फोन अगदी स्वच्छ. एक मेसेज इकडचा तिकडे नाही. इतका स्वच्छ फोन कोणाचा असतो?

तो मिस्सेला आलाच नाही, पोटात दुखतंय म्हणाला. आम्ही परत आलो तर घरी नव्हता. "मेडिकलमध्ये गेलो होतो." हातात गोळ्या नव्हत्या.

दुपारी तो वाडीत केळींना पाणी सोडत होता तेव्हा त्याच्या फोनमध्ये ते नकाशाचं सुरू करून घेतलं. आता तो कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसतं. निळा ठिपका. त्याला सांगितलेलं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं. पाचूबंदर.

सोमवार, मंगळवार, आज, तिन्ही दिवस. पाच दहाला ठिपका कामणहून निघतो, पावणेसहाला वसई किल्ल्यामागच्या त्या कोळीवाड्यात जाऊन थांबतो, सात वाजेपर्यंत जागचा हलत नाही. काल गेला नाही, कारण काल मी त्याला वसईहून औषध आणायला सांगितलं होतं.

शाळेत चौथीच्या वर्गात मुलांना उजळणी लिहायला लावली आणि टेबलाखाली फोन धरून बसले. तो दिवसभर कामणलाच असतो हे माहीत आहे, तरी बघावंसं वाटतं. उघडण्याआधी तळहाताला घाम येतो. बघून झालं की दोन मिनिटं बरं वाटतं. मग पुन्हा वाटतं, आत्ता निघाला असेल तर? हेडमिस्ट्रेस दोनदा दारावरून गेल्या.

स्टेफीला उद्याच्या इंग्रजीचा निबंध म्हणून दाखवायचा होता. नंतर म्हटलं. मग राहूनच गेलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

केनी मॅडमकडे दोघं गेलो. पाचूबंदरचा विषय काढायचा नाही असं ठरवून गेले होते. हातात पक्कं काही आल्याशिवाय बोलून उपयोग नाही, तो सावध होईल.

मॅडमनी त्याला विचारलं, "हे पहिल्यांदा कधी झालं, ज्युलियस? बायकांचं नाही म्हणत मी. कशात तरी तोंड खुपसून सगळं विसरायचं, हे."

त्याने मांडीवरचं हेल्मेट खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी नऊ वर्षांचा होतो. आई कुवेतला कामाला गेली. मला मावशीकडे ठेवलं. मावशी आणि काका दिवसभर वाडीत. काकांच्या कपाटात मासिकं होती, तसली. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण ती बघताना आई आठवायची नाही."

"आणि बघून झाल्यावर?"

"थोडा वेळ बरं वाटायचं. मग आधीपेक्षा वाईट. मग परत कपाट."

"मोठेपणी?"

"तेच. घरात कोणी रागावलं, कोणी गप्प बसलं, की आतून कोणीतरी म्हणतं, चल. बाई कोण आहे ते मी बघतसुद्धा नव्हतो, मॅडम. नाव विचारत नव्हतो. जाताना छाती धडधडायची तेवढीच मजा. बाकी नुसती लाज. लाज वाटली की ती घालवायला परत तेच."

मी खिडकीबाहेर बघत होते. इतकं सगळं एका बाईसमोर बोलायला याला जड कसं जात नाही? मॅडम म्हणाल्या, "कारण कळलं म्हणजे माफी मिळाली असं नाही. पण कारण कळल्याशिवाय कोणी थांबत नाही." मग माझ्याकडे वळून, "तुमचं कसं चाललंय, क्लाराताई? झोप लागते?"

म्हटलं, "मला कसलंही व्यसन नाही, मॅडम."

"मी झोपेचं विचारलं," त्या म्हणाल्या.

३ मार्च, मंगळवार

स्टेफीला म्हटलं, "डॅडींना फोन कर, क्लासच्या नोट्स आणायच्यात म्हणून वसईला बोलाव. मग त्यांच्याबरोबर स्कूटरवर ये. वाटेत कुठे थांबतात ते बघ."

"मम्मी, परवा गणित आहे."

"तासाभराने काय बिघडतं?"

गेली. आठला दोघं आली. तो आंघोळीला गेल्यावर तिला स्वयंपाकघरात घेतलं. "पाचूबंदरला स्टीवन अंकलकडे थांबले होते," ती म्हणाली. "मला गाडीपाशी थांबायला सांगितलं. दहा मिनिटांनी आले. एक आंटी होती, तिने मला सरबत दिलं."

"कोण आंटी? दिसायला कशी?"

"मम्मी, मला गणित करू दे."

स्टीवन मला ठाऊक आहे. मच्छीमार. ज्युलियसबरोबर प्यायचा, त्याच्याबरोबरच सोडली. आंटी म्हणजे त्याची विधवा बहीण असणार, ज्युली. लिलावात मासे घेऊन विकते. चांगली उंच, ठसठशीत बाई आहे.

८ मार्च, रविवार

त्याच्या फोनमध्ये 'ज्युली पाचूबंदर' म्हणून नंबर आहे. महिन्याभरात चौदा फोन. लपवलेलंसुद्धा नाही! लपवलं नाही की संशय येत नाही, हे त्याला बरोबर कळतं.

दुपारी त्या नंबरवर तीनदा फोन लावला. "हॅलो, कोन?" म्हणाली की कट करायचा. आवाज घोगरा आहे.

स्टेफी विचारत होती, भूमितीची आकृती बरोबर आहे का. बरोबर आहे म्हटलं. नंतर वहीत पाहिलं तर चुकली होती.

१३ मार्च, शुक्रवार

सगळं लिहून काढते, क्रमाने.

सकाळी स्टेफीला उलटी झाली. विज्ञानाचा पेपर, पोरगी पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "मम्मी, सुटल्यावर घ्यायला येशील? मला बसने यायला नको वाटतंय." येते म्हटलं. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. परीक्षा केंद्र नालासोपाऱ्याला, तिकडच्या बससाठी थांब्यावर उभी होते, पावणेबारा. सहज नकाशा उघडला. ठिपका कामणला नव्हता. भर दुपारी, कामाच्या दिवशी, पाचूबंदरला होता.

पेपर एकच्या पुढे सुटणार होता. जाऊन परत येता येईल असं मी मनाला पटवलं. उलट्या दिशेची रिक्षा केली. वाटभर फोन हातात. ठिपका हलत नव्हता. हलू नये असं वाटत होतं. आज सापडला पाहिजे, असं चक्क देवाजवळ मागितलं.

मासळीचा लिलाव कधीच संपला होता. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून गेले. ज्युली दारात जाळं विणत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "क्लारा ना तू? ये बाय, बस. पानी देऊ?"

"मला कसं ओळखलंस?"

"तुझा फोटो दाखवतो ना तो. आनि रविवारी तीन वेळा फोन तूच केलेलास ना? मी आपली हॅलो हॅलो करत बसली." हसली. "तो बघ, होडीखाली. सकालपासून जेवला पन नाय. माझा ऐकत नाय. बाजारातून चौदा फोन केले आसतील त्याला, घरी जा म्हनून. तू सांग."

टेकू लावून उभ्या केलेल्या होडीखाली ज्युलियस आडवा पडला होता. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत होता, वर डांबर. तोच तो वास. हाताला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त आलेलं. मी बराच वेळ पाच फुटांवर उभी होते, त्याला पत्ता नव्हता. ठोकत होता, ठोकत होता. तोंडावर असा भाव, की आजूबाजूला कोणीच नाही. हा चेहरा मी ओळखते. बाटली पुढ्यात असताना हाच असायचा.

स्टीवन माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "होडी माझी, पन घाई याला. पावसाच्या आधी झाली तरी चालनार होती. हा रोज येतो. रविवारी मिस्सा सोडून येतो. आज तर कामाला दांडी. एक फळी घासून घासून एवढी पातल केली, बदलायला लागली मला. दारू सोडताना पन आसाच करायचा, व्यसनमुक्तीच्या दिवसाला दोन-दोन सभा. मी त्याला बोललो, तू सोडत नायस, ज्युलियस. तू नुसता घर बदलतोस."

ज्युलियसने तेव्हा मान वळवली. मला पाहिलं. पहिलं वाक्य काय बोलला? "स्टेफीला कोण आणणार होतं?"

मी फोन पाहिला. बंद पडला होता. सकाळपासून नकाशा चालू ठेवून बॅटरी संपली होती. स्टीवनच्या घड्याळात एक चाळीस.

दोघं स्कूटरवरून आलो. केंद्रावर वॉचमन म्हणाला, एक मुलगी तासभर इथेच बसली होती, मी खुर्ची दिली, मघाशीच गेली. घरी पोचलो तर पायरीवर बसली होती, चावी माझ्याकडे होती म्हणून. अंग तापलं होतं. "नऊ फोन केले," एवढंच म्हणाली. ज्युलियसने तिला उचलून आत नेलं. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टाकलं. माझ्याकडे बघितलं नाही.

बाई नव्हती. होडी होती. सगळं डोळ्यांनी पाहिलंय. तरी एक विचार जात नाही: स्टीवनने न विचारता इतकं सगळं का सांगितलं?

१४ मार्च, शनिवार

केनी मॅडमना ज्युलियसनेच सगळं सांगितलं. "हात चालू असले की डोकं गप्प बसतं," म्हणाला. "वाटलं, यात वाईट काय आहे? कोणाचं नुकसान नाही."

मॅडम म्हणाल्या, "दारू गेली तिथे बायका आल्या. बायका गेल्या तिथे होडी. होडी चांगली आहे, लोक कौतुकही करतील. पण तुमच्या आत नऊ वर्षांचा मुलगा एकटा बसलाय, त्याच्याशी तुम्ही अजून बोललाच नाहीत. त्याला प्रत्येक वेळी नवीन कपाट दाखवताय."

मी म्हटलं, "घरी का नाही सांगितलंस? होडीच तर होती."

तो म्हणाला, "तू म्हणाली असतीस, आता हे काय नवीन. आणि खरंच होतं ते." मग थांबून, "नकाशाचं मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, क्लारा. राहू दिलं. म्हटलं, तुला बघून बरं वाटत असेल तर वाटू दे. मला माहितीये ते कसं असतं."

मॅडमनी विचारलं, "तुमच्या फोनमध्ये काय आहे, क्लाराताई?"

"पुरावा," मी म्हटलं.

"कशाचा?"

मी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. मॅडमनी घरचा अभ्यास दिला. तीन दिवस नकाशा बघायचा नाही.

१६ मार्च, सोमवार

काल दुपारी लक्षात आलं. नकाशाचं त्याला माहीत होतं. म्हणजे फोन स्टीवनकडे ठेवून तो दुसरीकडे जाऊ शकत होता! ठिपका पाचूबंदरला, माणूस कुठेही. हे मॅडमच्या लक्षात कसं आलं नाही?

तीन दिवस आजपासून मोजायचे होते. पहिला सकाळी दहा वीसपर्यंत टिकला. फक्त एकदा बघणार होते. सतरा वेळा पाहिलं.

२० मार्च, शुक्रवार

हेडमिस्ट्रेसनी केबिनमध्ये बोलावलं. उजळणीच्या वह्या तपासताना मी दोन मुलांना एकमेकांचे गुण दिले होते. "क्लारा, तू वर्गात असतेस, पण नसतेस," म्हणाल्या. बावीस वर्षांत हे मला कोणी बोललं नव्हतं.

घरी येऊन नकाशा काढून टाकला. ज्युलियसच्या समोर. तो म्हणाला, "मी पण स्टीवनला सांगितलंय, महिनाभर येत नाही." दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, परीक्षा संपलेल्या मुलांसारखे. संपलं एकदाचं.

२५ मार्च, बुधवार

पाच दिवस झाले. नकाशा नाही, शर्टाचा वास नाही. मॅडमना सांगणार आहे, इच्छाशक्ती असली की होतं सगळं.

आता सगळं लक्ष स्टेफीकडे. तिची परीक्षा संपलीये, पोरीचं वय नाजूक. मी तिच्यासाठी काही केलं नाही या दिवसांत, ते भरून काढायचंय. तिचं कपाट लावून दिलं. दप्तर झटकलं. वह्या पानन्‌पान चाळल्या. कोणाशी चॅटिंग करते तेही एकदा पाहिलेलं बरं. ती आंघोळीला बराच वेळ लावते, तेवढ्यात होतं.

सॅमी म्हणून कोणीतरी आहे. परीक्षा केंद्रावरचा. त्याने 'आता बरी आहेस का' असं तीनदा विचारलंय. तीनदा का?

२८ मार्च, शनिवार

स्टेफीने पकडलं. केस ओले, दारात उभी. फोन माझ्या हातात.

मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, "त्या दिवशी उन्हात त्याने मला पाणी दिलं, मम्मी. बास. दुसरं काय सापडायला हवं होतं तुला?"

"मी तुझ्या काळजीने..."

"डॅडींना सोडलंस आणि मला धरलंस." तिने फोन काढून घेतला. "तुझ्या हातात काहीतरी लागतंच. आता मी मालाडला मावशीकडे गेले की तू कोणाला धरणार?"

ज्युलियस मागे येऊन उभा होता. मला वाटलं तो तिची बाजू घेईल किंवा माझी. त्याने मला पाण्याचा ग्लास दिला आणि शेजारी जमिनीवर बसला. "मॅडम पहिल्यांदा व्यसन म्हणाल्या ना," तो म्हणाला, "तेव्हा मला पण असंच वाटलं होतं. की या माझ्याबद्दल नाहीच बोलत."

दुपारभर वाडीतल्या तळ्याच्या, बावखलाच्या काठावर बसून होते. मागची पानं वाचली. २६ फेब्रुवारीचं पान दोनदा वाचलं, आणि मग २८चं. तळहाताचा घाम माझा. 'बरं वाटायचं' त्याचं. अक्षर माझंच आहे दोन्हीकडे.

२ एप्रिल, गुरुवार

केनी मॅडमकडे एकटी गेले. पहिल्यांदाच. बाबांबद्दल विचारलं त्यांनी. मला वाटलं होतं सांगण्यासारखं काही नाही. तास संपला तरी माझं संपलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मान 'नाही' अशी हलवलीत त्या दिवशी तुम्हाला कसं वाटायचं?" मी म्हटलं, आईचा चेहरा सैल पडायचा. आणि माझा? मला आठवेना.

६ एप्रिल, सोमवार

काल ईस्टर झाला. आज सकाळी स्टेफी मालाडला माझ्या बहिणीकडे गेली, महिनाभर. मी बॅग भरून दिली. आत काय आहे ते बघितलं नाही. पोचलीस की फोन कर म्हणणार होते, तेही गिळलं. तिनेच संध्याकाळी केला. मावशीकडे कोलंबीचं कालवण होतं म्हणाली. आणखी काही विचारलं नाही. फोन पालथा ठेवून दिला.

ज्युलियसला आज सुट्टी. होडी नाही, फोन नाही. घरात दोनच माणसं. काय करायचं ते दोघांनाही कळेना. ओट्यावर बसलो. मी भांडी घासायला उठले, तो म्हणाला, "घासलेली आहेत ती." परत बसले. पाच मिनिटं गेली असतील, अर्धा दिवस गेल्यासारखं वाटलं.

मग तो आपणहून बोलायला लागला. आई कुवेतला गेली त्या दिवसाचं. मावशी त्याला निर्मळला घेऊन गेली, तर हा संध्याकाळी पळून परत इथे आला. घराला कुलूप. मागच्या दोरीवर आईचा एक गाऊन वाळत राहिला होता, कोणाच्या लक्षात न आलेला. तो खाली ओढून अंगावर घेऊन हा पायरीवर झोपला. मावशीने शोधत येऊन दोन ठेवून दिल्या आणि गाऊन कुठे गेला ते त्याला पुन्हा कधी कळलं नाही. हे सतरा वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा ऐकलं.

ऐकताना डोक्यात चालूच होतं. खरं असेल? आत्ताच कसं आठवलं? मावशी अजून आहे, निर्मळला, ऐंशीची झाली तरी तिला सगळं आठवतं. एक फोन केला असता तर कळलं असतं.

केला नाही. आज तरी नाही.